समोरच्या भिंतीवरची बारावी पाटी

३ फेब्रुवारी

"तुमच्यासारखी मुलं इथे आली की आम्हाला फार बरं वाटतं." — पंचवीस वर्षांपूर्वी, याच विद्यापीठात, प्रवेशाच्या टेबलामागे बसलेल्या एका प्राध्यापकांनी मला म्हटलेलं. हसून, चांगल्या मनाने. मी 'थँक्यू सर' म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. हे कौतुक होतं की आणखी काही, ते तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

आज ते आठवलं फोनमुळे. विद्यापीठात सर्वसमावेशकतेची नवी समिती झालीय, तिच्या अध्यक्षबाईंचा. "तुमच्यासारख्या लेखिकाच हव्यात आम्हाला!" पुन्हा तुमच्यासारख्या! माझ्यासारख्या म्हणजे नक्की कशा, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. हो म्हणून टाकलं.

काम असं. मुख्य इमारतीच्या लांब कॉरिडॉरमध्ये एका बाजूला आजवरच्या कुलगुरूंची तैलचित्रं आहेत. सोळा. सगळे पुरुष, सगळे जरासे डावीकडे वळलेले, जणू डावीकडून कोणी चहा घेऊन येतंय. समोरची भिंत रिकामी. तिथे आता बारा चित्रं लागणार — विद्यापीठ ज्यांच्यामुळे चालतं पण जे कधी भिंतीवर गेले नाहीत, अशा बारा माणसांची. चित्रं कलाविभागातला चित्रकार काढणार. प्रत्येक चित्राखाली पितळी पाटी, पाटीवर त्या माणसाची गोष्ट. ती मी लिहायची. शंभर शब्दांत.

शंभर शब्दांत एक माणूस! बसेल का?

७ फेब्रुवारी

यादी ठरवायची बैठक. अध्यक्षबाईंनी तक्ता आणलेला. आडव्या ओळींत माणसं, उभ्या रकान्यांत प्रकार. एका माणसात जास्तीत जास्त रकाने भरावेत अशी खटपट चाललेली. टेलिफोनवर बसणाऱ्या गृहस्थांना दिसत नाही — सगळे खूश. "पण पुरुष आहेत हो," अध्यक्षबाई हळहळल्या. जसं काही त्यांनी मुद्दामच केलंय!

चित्रकार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाई, माणसं रंगवायचीत की रकाने?" हसू दाबायला मी घोटभर पाणी घेतलं आणि ठसका लागला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

त्या वाईट नाहीत. इथल्या पहिल्या विभागप्रमुख बाई त्या. चहाच्या वेळी मला सांगत होत्या, पंधरा वर्षं सगळ्या बैठकांत एकट्याच असायच्या आणि चहा आला की सगळे त्यांच्याकडे बघायचे — ओतणार कोण म्हणून. आज त्यांनी सगळ्यांना आपापला चहा ओतून घ्यायला लावला.

नियमही त्यांनीच घातला, टेबलावर बोट आपटून: "त्या माणसाने मजकूर वाचून सही केल्याशिवाय एक अक्षर भिंतीवर जाणार नाही. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी परस्पर बोललेलं आपण पुष्कळ ऐकलं."

मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

११ फेब्रुवारी

काम सुरू. पद्धत अशी ठरली — माणूस खुर्चीवर बसणार, चित्रकार रंगवणार, मी बाजूला वही घेऊन. हलायचं नाही, पण बोललं तर चालेल. आज फाटकावरचा रखवालदार. इतका ताठ बसला की चित्रकार म्हणाला, "अहो, सैल बसा, गोळी नाही घालत मी." तर हा ओठ न हलवता — "श्वास घेतला तर चालेल ना?"

१३ फेब्रुवारी

टेलिफोनवाल्यांनी विचारलं, "मी कसा दिसतोय चित्रात?" चित्रकाराने एकदा चित्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "समोरच्याचं ऐकताना दिसता तसे." — हे मला सुचायला हवं होतं!

१६ फेब्रुवारी

आज ग्रंथालयातल्या मावशी. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं काम, चोवीस वर्षं. उंचीने एवढ्याशा. वरच्या फळीसाठी त्यांची स्वतःची एक लाकडी पायरी आहे, तिला कोणी हात लावलेला खपत नाही. सगळे त्यांना मावशीच म्हणतात, कुलगुरूसुद्धा.

बसल्या बसल्या म्हणाल्या, "हात कुठे ठेवू? रिकामे हात मला सांभाळता येत नाहीत." चित्रकाराने मांडीवर दोन पुस्तकं दिली. मग मात्र छान बसल्या.

आणि बोलायला लागल्या. आधी धूळ, वाळवी, पानं दुमडणारी माणसं. ("मुलं नाही हो दुमडत. प्राध्यापकच दुमडतात.") मी सहज विचारलं, एवढी पुस्तकं हाताखालून गेली, तुमचं आवडतं कोणतं?

मग हसून — "मला वाचता येत नाही, बाई."

चित्रकाराचा ब्रश हवेतच राहिला.

"आकडे येतात हं, आणि पगारापुरती सही! पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी असते, तिच्यावर आकडे, आणि पुढे दोन-तीन अक्षरं. ती मी चेहऱ्यासारखी लक्षात ठेवलीत. हे पोट सुटलेलं, हे वाकून चालणारं, हे छत्री घेतलेलं. चोवीस वर्षांत एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलेलं दाखवा."

"आणि कोणाला कळलंच नाही?"

"चष्मा घरी राहतो ना माझा." एक डोळा बारीक केला. चोवीस वर्षं चष्मा घरी राहिलाय! मुळात आहे कुठे चष्मा!

मग मुलाचं सांगितलं. तो लहान असताना ग्रंथालयातून बाद झालेली पुस्तकं घरी न्यायच्या, त्याला मांडीवर घेऊन वाचून दाखवायच्या. म्हणजे पुस्तक उघडायचं, ओळीवरून बोट फिरवायचं आणि गोष्ट आपली आपणच रचायची. "एकदा पान उलटायचंच विसरले, तर म्हणतो कसा, आई, केवढं मोठं पान आहे गं हे!" तो मुलगा आता दुसऱ्या गावी शाळेत शिक्षक आहे. भेटेल त्याला सांगतो, मला वाचनाची गोडी आईने लावली. "सांगू दे. खोटं थोडंच आहे?"

उठताना माझा हात धरून म्हणाल्या, "इतकं मी कधी कोणाशी बोलले नव्हते हो."

घरी येईपर्यंत हवेत होते मी. माझ्यापाशी माणसं मोकळी होतात!

१७ फेब्रुवारी

एका बैठकीत लिहून झालं. एक शब्द खोडला नाही. शेवट असा आलाय —

'तिने आयुष्यात एक ओळ वाचलेली नाही. तिच्या मुलाला हे ठाऊक नाही. तो आज शेकडो मुलांना वाचायला शिकवतो, कारण लहानपणी रोज संध्याकाळी आई त्याला वाचून दाखवत असे.'

लेकीला ऐकवलं. सतरा वर्षांची आहे, माझं काही सहसा ऐकत नाही. डोळे पुसत म्हणाली, "आई, हे तुझं सगळ्यात चांगलं आहे." मलाही तसंच वाटतं. जेवताना पुन्हा एकदा काढून वाचलं. झोपण्याआधी पुन्हा.

२४ फेब्रुवारी

बाराही मजकूर सहीसाठी गेले. टेलिफोनवाल्यांना मी स्वतः जाऊन वाचून दाखवला. त्यांनी एक शब्द काढायला लावला — "अंधार नका लिहू. मला अंधार दिसत नाही. काहीच दिसत नाही. फरक आहे." बरोबरच आहे! काढला. बाकीच्यांकडे कार्यालयातला कारकून कागद घेऊन फिरला. सगळ्यात पहिली सही मावशींची! एका मिनिटात. "छान आहे म्हणाल्या," कारकून सांगत होता.

केवढं बरं वाटलं.

५ मार्च

उद्घाटन झालं. मला हे लिहायचं नाहीये. लिहिते.

कॉरिडॉर भरला होता. भाषणं झाली, फोटो झाले. सगळ्यात जास्त गर्दी बाराव्या चित्रापुढे. माणसं वाचत होती, डोळे पुसत होती, मागच्याला जागा करून देत होती. मी खांबाशी उभी राहून बघत होते. वाचणाऱ्याचा चेहरा असा समोर बघायला कुठे मिळतो आपल्याला? मी बघून घेत होते.

मावशी उशिरा आल्या. नवे कपडे, केस चापून बसवलेले. कोणी हात हातात घेतले, कोणी मिठी मारली. एक प्राध्यापक तर वाकून "धन्य आहात!" म्हणाले. मावशी गोंधळून हसत होत्या. मग मला शोधत आल्या, दंडाला धरून बाजूला घेतलं. "अहो, काय लिहिलंय एवढं? सगळे रडतायत की! मी मेले असं नाही ना लिहिलंत?"

आणि मग मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं — "चष्मा घरी राहिला हो आज!" — आणि मला डोळा मारला.

मला! आम्हा दोघींचं गुपित असल्यासारखा. आणि माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, पितळेवर कोरून, दिवा लावून —

मी म्हटलं, "छान लिहिलंय."

मग पाणी घेऊन येते म्हणाले आणि मागच्या दाराने घरी निघून आले.

६ मार्च

मला माहीत होतं. मीच तर लिहिलं होतं. मीच!

७ मार्च

लेक म्हणाली, "आई, तुला माहीत होतं ना त्यांना वाचता येत नाही ते?"

"हो."

"मग कागद कसा पाठवलास त्यांना वाचायला?"

काय सांगू? माहीत होतं म्हणून तर लिहिलं. लिहून झालं आणि ते माझ्या मजकुरातलं झालं, मावशींचं राहिलंच नाही.

दुपारी चित्रकाराकडे गेले. तो ब्रश धूत होता. ऐकून घेतलं, मग बराच वेळ धुतलेलाच ब्रश धूत राहिला. म्हणाला, "टेलिफोनवाल्यांना तुम्ही वाचून दाखवलंत."

"हो. कारण त्यांच्या नावापुढे तक्त्यात खूण होती."

"आणि मावशींसाठी रकानाच नव्हता."

"तुला तरी कुठे सुचलं?"

"नाही सुचलं," म्हणाला. "मी तर समोर होतो."

दोन शहाणी माणसं, एक समिती, एक तक्ता, एक नियम — टाळ्या वाजवलेला! आणि कोणालाही सुचलं नाही की एकदा जाऊन वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम होतं.

मला कळत नाही, मावशींना आता सांगायचं कसं. आणि सांगायचं काय.

९ मार्च

सांगावं लागलं नाही. मावशीच आल्या. समितीच्या खोलीत मी एकटी होते. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"वाचून घेतलं मी. ग्रंथालयात नवी मुलगी लागलीय, तिच्याकडून. बिचारी मध्येच थांबली. म्हटलं, वाच गं पुढे, थांबू नकोस."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"चांगलं लिहिलंय. खोटं एक अक्षर नाही. पण ते माझं होतं ना?"

आणि माझ्या तोंडून काय यावं? — "तुम्ही सही केलीत, मावशी." असं म्हणाले मी! त्यांना!

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या कारकुनाला काय म्हणू? वाचून दाखव बाबा? चोवीस वर्षांत कोणाला म्हटलं नाही ते त्याला म्हणू? आणि म्हटलं, तुम्ही लिहिलंय. वाईट कशाला लिहाल."

मग विचारलं, "त्या समोरच्या साहेबलोकांच्या खाली काय लिहिलंय?"

"नाव. आणि कधीपासून कधीपर्यंत होते ते साल."

"बास?"

"बास."

"कोणाला काय येत नव्हतं, ते नाही लिहिलेलं?"

"नाही."

"मग माझ्याखाली पण तेवढंच लिहा की."

सोळा तैलचित्रं! मी पंचवीस वर्षं त्यांच्यासमोरून येते-जाते. हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

दारापाशी जाऊन थांबल्या. "चित्र राहू दे. चित्रात मी बरी दिसते. पण पंधरा तारखेला मुलगा येतोय, नातीला घेऊन. मुद्दाम रजा टाकलीय, आईचं चित्र लागलं म्हणून. तोवर ते काढा." "चारचौघांत माझं नाव घेतो तो. आईने वाचून दाखवलं म्हणतो. त्याला कळलं तर — मी इतकी वर्षं त्याला फसवलं असंच होईल ना ते?"

नाही, असं नाही होणार, असं मला म्हणायचं होतं. पण मला काय माहीत? मी कोण सांगणारी?

१० मार्च

अध्यक्षबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या — मग सावरल्या.

"सही आहे ना?"

"वाचता येत नाही त्यांना! सही कसली?"

"हळू बोला. हे बाहेर गेलं तर सगळा उपक्रम जाईल. बाराच्या बारा." मग खुर्ची माझ्याकडे ओढून, खरोखर कळकळीने म्हणाल्या, "मला सांगा, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? लाज वाटू नये, हेच तर आपण सांगतोय! ती पाटी काढली तर आपण काय म्हटल्यासारखं होईल? की हो, लपवायचीच गोष्ट आहे ही. सकाळपासून तिघे जण मला येऊन म्हणाले, आमच्या आईचं आठवलं. त्यांचं काय?"

त्या चुकीचं बोलत होत्या का? अजूनही कळत नाही.

"हवं तर त्यांना आपण शिकवू," त्या म्हणाल्या. "एखादी विद्यार्थिनी देऊ रोज एक तास." ते मात्र ऐकवेना. मी उठले.

"पाटी राहील," त्या म्हणाल्या. शांतपणे. पण रिकामाच कप उचलून तोंडाला लावला त्यांनी, हेही लिहून ठेवते.

११ मार्च

मी विद्यापीठात शिकत होते तेव्हा घराच्या एक स्टॉप आधी उतरायचे. मैत्रिणींनी घर बघू नये म्हणून. तीन वर्षं, ऊन असो की पाऊस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं — आज म्हणू शकते. पण तेव्हा कोणी ते कॉरिडॉरमध्ये दिवा लावून टांगलं असतं तर? चांगल्या भाषेत लिहून? शंभर शब्दांत?

आणि हेही लिहायलाच हवं, इथे नाही तर कुठे लिहिणार. ती पाटी उतरावी असं मला पूर्ण मनाने वाटत नाहीये. आज दुपारी कॉरिडॉरमधून मुद्दाम गेले. दोन मुली वाचत होत्या. एकीने दुसरीचा हात धरला. मी चालायचा वेग कमी केला.

शी!

१२ मार्च

चित्रकार म्हणाला, "चार स्क्रू आहेत." मी म्हटलं, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे चारच आहेत."

१४ मार्च

शनिवार. सुट्टी. भर दुपारी. चित्रकाराने नवी पाटी करून आणली होती — छोटी. नाव, हुद्दा, रुजू झाल्याचं साल. शेवटचं साल यायचंय अजून, म्हणून तिथे फक्त रेघ. दोन ओळी.

मी शिडी धरली, तो वर चढला. तीन स्क्रू निघाले. चौथा काही केल्या हलेना. तेवढ्यात मागून बुटांचा आवाज. रखवालदार!

"काय चाललंय?"

चित्रकार वरून, "दुरुस्ती." मी खालून, "साफसफाई." दोन्ही एकदमच.

रखवालदाराने पाटी बघितली, मला बघितलं, स्वतःच्या चित्राकडे बघितलं — तिसरं आहे ते. मग शिडीवरून चित्रकाराला उतरवलं, स्वतः चढला. "स्क्रू उलटा फिरवताय, साहेब." मिनिटात काढला. उतरून म्हणाला, "मावशींचं वाचलं तेव्हाच मला कसंतरी झालेलं. त्या मला रोज सूचनाफलक वाचायला सांगायच्या. चष्मा राहिला म्हणून. मी समजायचो, विसराळू आहेत." मग, जरा लाजून — "माझ्या पाटीवर ते घटस्फोटाचं आहे ना... असू दे म्हणा. माझं मी वाचून सही केलीय."

अध्यक्षबाईंचा फोन आला संध्याकाळी. कोणी कळवलं कोण जाणे. मला वाटलं, आता समितीतून नाव जाणार. त्या म्हणाल्या, "अकरा मोठ्या आणि एक छोटी. दिसायला कसं दिसतं ते?" चित्रकार शेजारीच होता, फोनकडे तोंड करून म्हणाला, "विविधता!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. ही परवानगी होती की नव्हती? सोमवारपर्यंत कळणार नाही.

जुनी पाटी माझ्या कपाटात आहे. साड्यांखाली नाही ठेवली, पुस्तकांत ठेवली. का, ते माहीत नाही.

१५ मार्च

आले. मावशींनी मला बोलावलं होतं, "तुम्ही असा हं." मुलगा उंच, आईसारखाच हसणारा. नात चार वर्षांची. चित्रापुढे सगळे उभे राहिलो. "आई, तू अगदी अशीच बसतेस," तो म्हणाला.

खाली नव्या पाटीभोवती जुन्या पाटीची चार भोकं उघडी पडलीत. बुजवायला वेळच मिळाला नाही. त्याने एका भोकावर अंगठा ठेवला. "इथे आधी मोठी होती का काही?"

"नवी भिंत आहे, भोकं पडायचीच," मावशी म्हणाल्या.

मग नात म्हणाली, "आजी, वाच ना काय लिहिलंय!"

मी म्हटलं — म्हणजे म्हणणारच होते — मी वाचते. तेवढ्यात मावशींनी तिला कडेवर घेतलं, पाटीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. "एक बाई होती. ती सकाळी ग्रंथालयाचं दार उघडायची तेव्हा सगळी पुस्तकं जांभई द्यायची. एक लठ्ठ पुस्तक होतं, ते काही उठायचं नाही..." लठ्ठ पुस्तकाला फळीवर चढता येईना, मग बारक्या पुस्तकांनी खालून ढकललं, असं काय काय! बोट दुसऱ्या ओळीच्या शेवटाला गेलं की गुपचूप पहिल्या ओळीवर यायचं. दोन ओळी. चांगली पाच मिनिटं वाचल्या त्यांनी.

"अजून आहे?" नातीने विचारलं.

"आहे की. पुढचं बारीक अक्षरात आहे."

मुलगा मागेच उभा होता. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर. नाव, हुद्दा, साल — तो काय वाचत होता आणि काय ऐकत होता! त्याला कळलं असणारच. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही दिसलं नाही. खाली मान घालून ऐकत होता, नातीपेक्षा मन लावून. संपल्यावर एवढंच म्हणाला, "चला, ऊन वाढलंय."

मावशींनी जाताना माझा हात दाबला. सुटल्या त्या. त्यांना वाटतंय, निभावलं.

मला काही कळत नाही. ते निभावलं की सगळं उघडं पडलं? आणि ज्याच्यासाठी एवढी धडपड केली, त्याने ऐकून घेतलं म्हणजे काय केलं?

१८ मार्च

मावशींच्या मुलाचा फोन आला. माझा नंबर विद्यापीठातून काढला म्हणे. मोठ्या पाटीचा फोटो त्याला उद्घाटनाच्या दिवशीच कोणीतरी पाठवला होता. "पण त्यात मला नवीन काही नव्हतं," म्हणाला. "आठ वर्षांचा असताना मी तीच पुस्तकं स्वतः वाचायला घेतली. आत भलत्याच गोष्टी होत्या. आईच्या जास्त चांगल्या होत्या, म्हणून बोललो नाही. मग बोलायचं राहूनच गेलं. बावीस वर्षं. आता मला जमत नाही." मग म्हणाला, "ती पाटी टाकू नका. माझ्या घरात लावायचीय मला. पण आईला विचारून. मी मागितलीय असं सांगा — म्हणजे तिला कळेल."

उद्या मावशींकडे जाते. पाटी घेऊन. आधी त्यांना पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. मग तो काय म्हणाला ते सांगीन. नाहीच म्हणतील. का हो म्हणतील? तरी विचारणार, कागद न नेता, सही न मागता — मावशी, ही पाटी तुमच्या मुलाला देऊ का?